छंदशास्त्राचा अभ्यासक आणि खंदकांतले युद्ध

१५ मार्च १९४५ रोजी फ्रान्समधील अल्सास प्रांतात पॉल फसेल हा अमेरिकी लेफ्टनंट तोफगोळ्याच्या तुकड्यांनी घायाळ झाला. शेजारीच असलेला सार्जंट एडवर्ड हडसन ठार झाला. फसेलने तेव्हा वयाची एकविशीही पुरी केली नव्हती.

युद्धानंतर फसेल यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली व अध्यापन स्वीकारले. पण अभ्यासाला घेतले अठराव्या शतकातील इंग्रजी काव्य. छंद, शैली, सॅम्युअल जॉन्सन. सुमारे दोन दशके युद्धावर एकही ग्रंथ नाही. ही वर्षे वाया गेली असे मात्र कोणी समजू नये. शब्दांचे वजन तोलण्याची सवय याच काळात जडली.

१९७५ साली 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' प्रसिद्ध झाला. विषय पहिले महायुद्ध, अर्पण हडसनला. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममधील सैनिकांची कागदपत्रे आणि ससून, ओवेन, ब्लंडेन यांचे लेखन फसेल यांनी एकत्र वाचले. १९१४ पूर्वीच्या इंग्रजीत घोडा हा 'अश्व' असे आणि मेलेला सैनिक 'पतित वीर'. (मराठीतही सैनिक मरत नाही, धारातीर्थी पडतो.) १ जुलै १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. ती भाषा एवढे प्रेत वाहून नेऊ शकली नाही. खंदकातून दिसे ते केवळ आकाश; पण कवींनी पूजलेली पहाट आता हल्ल्याच्या धास्तीने हत्यारबंद उभे राहण्याची घटका झाली होती. घरी धाडायचे पोस्टकार्डसुद्धा छापील असे. नको त्या ओळी खोडायच्या, सहीतारखेपलीकडे काही लिहिले तर कार्ड नष्ट होई. भीतीसाठी त्यावर ओळच नव्हती.

ग्रंथाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. इतिहासकार रॉबिन प्रायर व ट्रेव्हर विल्सन यांनी १९९४ मध्ये त्यावर कठोर टीका केली. मूठभर सुशिक्षित अधिकाऱ्यांच्या लेखनाला फसेल साऱ्या युद्धाची स्मृती मानतात. त्याच पश्चिम आघाडीवर हिंदी पलटणीही लढल्या होत्या. त्यांच्या वाट्याला या ग्रंथात फारसे काही येत नाही.

युद्धाच्या गौरवाची सालटी काढणाऱ्या याच लेखकाने १९८१ मध्ये हिरोशिमावरील अणुबाँबचे समर्थन केले. जपानवर चढाई झाली असती तर त्यांनाही तिथे जावे लागणार होते, आणि मरण चुकलेल्या सैनिकाची बाजू प्राध्यापकांनी ऐकावी, असा त्यांचा आग्रह होता. गदारोळ उठला. फसेल मागे हटले नाहीत. १९८८ च्या निबंधसंग्रहाला त्यांनी त्याच निबंधाचे नाव दिले.