एकछत्री समाजमाध्यम : बीड जिल्हा

लोकांचे बोलणे, बातम्या, व्यवहार आणि सार्वजनिक कामकाज एकाच खासगी कंपनीच्या सेवांवर येऊन ठेपते, त्या अवस्थेला एकछत्री समाजमाध्यम म्हणता येईल. निरोपांची ने-आण, नियम, बंदी आणि दुरुस्ती यांचे सगळे अधिकार कंपनीच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे असतात. वापरणाऱ्याच्या हाती वापरणे किंवा सोडणे एवढेच उरते. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात (११ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९) हे स्थान व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीचे आहे. यूट्यूबचा प्रेक्षकही इथे मोठा आहे. पण गावाचे एकमेकांशी बोलणे होते ते व्हॉट्सॲपवर. २०२१ ते २०२५ या काळात जिल्ह्यात जे घडले, त्यावरून या अवस्थेचे धोके बीडमध्ये जितके उघड दिसतात तितके महाराष्ट्रात क्वचितच कुठे दिसत असतील.

व्याप्ती : केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी, फेसबुकचे ४१ कोटी आणि इन्स्टाग्रामचे २१ कोटी वापरकर्ते होते. त्याच यादीत ट्विटरचे वापरकर्ते पावणेदोन कोटी होते. फेसबुकने इन्स्टाग्राम २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरला आणि व्हॉट्सॲप २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेतले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन वाडी-तांड्यापर्यंत पोचला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा तिथली गावाकडची पोरे रील करायला इन्स्टाग्रामवर आली. स्पर्धक सरकारी आदेशाने गेला आणि त्याची गर्दी आयती याच कंपनीकडे वळली.

बीडमध्ये या वर्चस्वाला एक वेगळे कारण आहे, ते म्हणजे ऊसतोड. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लाखो मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. म्हातारी माणसे आणि कधी शाळेतली मुलेही मागे राहतात. वर्षातले पाच-सहा महिने गाव असे दोन ठिकाणी विभागलेले असते, आणि त्या दोन तुकड्यांना जोडणारा धागा म्हणजे फोनमधला ग्रुप. फडातल्या कोपीवर रात्री चूल पेटते तेव्हा आजीने पाठवलेला आवाजी निरोप ऐकला जातो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही तो ऐकता येतो, म्हणून अशा घरांत आवाजी निरोपाला लेखी मजकुरापेक्षा मोल जास्त. शाळेची सूचना, ग्रामसभेची तारीख, रेशन आल्याची खबर, दहाव्याचे निमंत्रण हे सगळे त्याच ग्रुपवर येते. अशा माणसाला ‘पटत नसेल तर दुसरे ॲप घ्या’ असे सांगणे निरर्थक आहे. त्याच्या एकट्याने ॲप बदलून चालत नाही. अख्ख्या गावाने, मुकादमाने आणि मास्तरांनीही एकाच दिवशी ते बदलायला हवे. जिथे सगळे आहेत तिथेच राहावे लागते, ही या धंद्याची खरी ताकद आहे.

बीड हा स्थानिक दैनिकांचाही जिल्हा आहे. ‘झुंजार नेता’, ‘पार्श्वभूमी’, ‘लोकाशा’, ‘कार्यारंभ’ अशी कितीतरी पत्रे इथून निघत आली. या पत्रांची पाने आज ग्रुपवर फिरतात, आणि वाचकापर्यंत पोचायची वाटही त्यामुळे त्याच कंपनीच्या हाती गेली आहे. छापील अंकावर संपादकाचे नाव असते, चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते. पाच ग्रुप ओलांडून आलेल्या निरोपावर कोणाचेच नाव नसते.

लऊळ, २०२१ : माजलगाव तालुक्यातील लऊळ गावात वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर आणि घरांच्या धाब्यांवर नेत होती. तिथे ठेवलेली पिल्ले खाली पडून किंवा उपाशी राहून मरत. गावकऱ्यांचा त्रास खरा होता. ही बातमी समाजमाध्यमांवर गेली आणि वानरांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली अशी कथा झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ती जगभर पसरली. नागपूरच्या वन पथकाने दोन वानरे पकडून नेली, त्याचीही बातमी ‘अटक’ म्हणून फिरली. गावात पोचलेल्या वार्ताहरांना अडीचशेच्या आकड्याला दुजोरा मिळाला नाही, पण तोवर लोक हसून पुढे गेले होते. लऊळमध्ये कोणाचे मोठे नुकसान झाले नाही. एका खेड्यातली गोष्ट काही दिवसांत जगभर पोचते आणि दुरुस्ती मात्र तालुक्याबाहेर जात नाही, हे त्यातून स्वच्छ दिसले. दोन वर्षांनी याच तालुक्यात गोष्ट हसण्यावारी राहिली नाही.

३० ऑक्टोबर २०२३ : मराठा आरक्षणासाठी मनोज जरांगे पाटील यांचे दुसरे उपोषण जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे २५ ऑक्टोबरला सुरू झाले होते. माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके यांचे आंदोलनाविषयी बोलणे असलेली एक ध्वनिफीत फोनोफोन फिरली. ३० ऑक्टोबरला जमावाने त्यांच्या माजलगावच्या बंगल्यावर दगडफेक केली आणि आवारातली वाहने व घर पेटवले. माजलगाव नगरपरिषदेच्या इमारतीलाही आग लागली. संध्याकाळी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर, राष्ट्रवादीचे कार्यालय आणि माजी मंत्री जयदत्त क्षीरसागर यांची मालमत्ता जाळण्यात आली. प्रशासनाने संचारबंदी लावली आणि इंटरनेट बंद केले.

या जाळपोळीचे सगळे खापर ॲपवर फोडणे चुकीचे ठरेल. आरक्षणाचा प्रश्न जुना आहे. कोरडवाहू शेती, पडलेले भाव आणि नोकऱ्यांची टंचाई यांतून साचलेला राग कोणत्याही कंपनीने निर्माण केलेला नाही. ॲपने दिला तो वेग. ध्वनिफितीतले वाक्य कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आले, पुढे-मागे काय होते, हे विचारायला मधे कोणी वार्ताहर, कोणी संपादक, कोणी वडीलधारे माणूस राहिले नाही.

त्याहून कमी चर्चा झाली ती ‘नेट बंद’ची. पोलिसांना रोखायच्या असलेल्या अफवा ज्या तारेवरून जात होत्या, त्याच तारेवरून मोबाइलचे पैसे, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र, शेतकऱ्याची ई-पीक पाहणी आणि रोजगार हमीची हजेरीही जाते. नेट बंद झाले की हे सगळे थांबते. नोव्हेंबरच्या तोंडावर कापूस-सोयाबीनची विक्री चालू असते आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्याकडे निघायच्या तयारीत असतात. एका ॲपमधला भडका विझवायला जिल्हा प्रशासनाकडे संपूर्ण जिल्ह्याचे नेट तोडण्यापलीकडे साधन नसावे, हा या अवस्थेचा सर्वांत गंभीर धोका आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात नेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करावेत, ते बेमुदत नसावेत असे बजावले होते. आदेश नियमात बसला तरी ज्याची मजुरी फोनवर येते त्याचा दिवस बुडतोच.

जात आणि फोन : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. निकालानंतर मराठा-ओबीसी तेढ पोस्ट, स्टेटस आणि चित्रफितींतून वाढत गेली. केज तालुक्यातून एका समाजाच्या दुकानांवर बहिष्काराची शपथ घेतल्याची चित्रफीत बाहेर आली आणि गुन्हा दाखल झाला. पुढे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांनी एकमेकांना आडनावाने न पुकारता पहिल्या नावाने बोलावे, पाट्यांवरही तेच असावे, असा उपक्रम केला. तो स्तुत्य होता. पण ठाण्यातल्या पाटीवरून आडनाव गेले तरी हातातल्या फोनवर माणसे आडनावांप्रमाणेच ग्रुपांत वाटलेली राहिली. प्रत्येक समाजाच्या ग्रुपमध्ये दुसऱ्याविषयीची बातमी येते, आणि ज्याच्याविषयी ती असते तो खुलासा करायला तिथे नसतो.

९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे (ता. केज) सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या झाली. मारहाणीचे चित्रीकरण झाले आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ कॉलही करण्यात आला, असे आरोपपत्रात नमूद आहे. ३ मार्च २०२५ रोजी आरोपपत्रातली छायाचित्रे सर्वत्र पसरली. दुसऱ्या दिवशी बीडमध्ये बंद पाळला गेला आणि मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. या प्रकरणात ॲपची दोन्ही रूपे दिसतात. फोनमधून निघालेले पुरावेच तपासाचा कणा ठरले आणि छायाचित्रे लोकांसमोर आली नसती तर राजकीय दबाव इतका वाढला नसता. त्याच वेळी एका माणसाच्या मरणयातना त्याच्या मुलाबाळांच्या, भावाच्या, गावाच्या फोनवर येऊन पडल्या, आणि त्या कोणाला परत घेता आल्या नाहीत. न्याय मागण्यासाठी घरच्यांना ही किंमत मोजावी लागावी, हे कोणत्याही समाजाला शोभणारे नाही. याच काळात हातात पिस्तूल घेतलेल्यांची रीलही चर्चेत आली. गुन्हे नोंदले गेले आणि अनेक शस्त्रपरवाने रद्द झाले. ती रील कित्येक महिने सर्वांच्या डोळ्यांसमोर होती.

नियंत्रण : १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपासाठी ती एकावर आणली. उपाय योग्यच होता. तरी पाच की वीस हे कॅलिफोर्नियातल्या कंपनीने ठरवले; धुळ्याच्या किंवा बीडच्या जिल्हाधिकाऱ्याला, ग्रामसभेला, विधिमंडळाला त्यात शब्द नव्हता. उद्या ती मर्यादा उठवली तरीही नसेल.

इथे मात्र कायद्याचा धाक बसतो तो गावातल्या ग्रुप ॲडमिनला. तणाव वाढला की ॲडमिनवर कारवाईची तंबी निघते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले की, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. कंपनीपुरते बोलायचे तर, भारतीय स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणाबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपये दंड केला. धोरण मान्य करा नाहीतर सेवा सोडा, अशी अट घालणे म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर, असे आयोगाने म्हटले.

केंद्रीकरणाचा तांत्रिक धोका ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दिसला. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले आणि भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर सुमारे सहा तास तिन्ही सेवा जगभर बंद पडल्या.

पर्याय : मॅस्टोडॉनसारखी (२०१६) अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारी जाळी आहेत. ईमेलप्रमाणे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. बीडमध्ये त्यांना अजून वाव मिळालेला नाही, कारण गाव तिथे नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने व्हॉट्सॲपला दुसऱ्या ॲपवरून येणाऱ्या निरोपांसाठी दार उघडायला भाग पाडले आहे. भारतात तसे बंधन नाही. ते आले तर मजुराला गाव न सोडता ॲप सोडता येईल. तोपर्यंत जिल्ह्याच्या हाती जुनी साधने आहेत. नेट तोडले तरी साधा फोन आणि एसएमएस सहसा चालू असतात, आकाशवाणीच्या बीड केंद्राला नेट लागत नाही आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिलेल्या सूचनेखाली सही असते. संचारबंदीच्या काळात प्रशासनाचे अधिकृत निवेदन या मार्गांनी दर दोन-तीन तासांनी जावे, एवढी तरतूद जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात करायला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.