थैलीवाचून निघालेली मुले

परदेशी धर्मप्रचारक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक मूर्ती उभी राहते. अंगात लांब झगा, हातात पुस्तक, पाठीशी बंगला, शाळा नि दवाखाना, आणि त्या सर्वांच्या मागे कोठेतरी साहेबाचे राज्य. ही मूर्ती आपल्या अनुभवातून घडलेली आहे. तिला आम्ही खोटी म्हणणार नाही. परंतु इतिहासात असेही प्रचारक होऊन गेले की, ज्यांच्याजवळ बंगला नव्हता, पगार नव्हता, पदवी नव्हती, आणि वयही नव्हते. विशीतली, क्वचित पंधरा-सोळा वर्षांची ही मुले हजारो मैलांवरच्या बेटावर उतरली आणि तेथील गरिबांच्या घरी जेवून-राहून धर्म सांगू लागली. त्यांचा रोजचा दिवस कसा जात असे, आणि त्यांना खरोखर कोणी तारले, एवढेच आज आम्हाला सांगावयाचे आहे. त्यांचा धर्म खरा की खोटा, या वादात आम्ही शिरत नाही.

ही मुले मॉर्मन पंथाची. हा पंथ जोसेफ स्मिथ याने १८३० साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्थापन केला. शेजाऱ्यांशी त्याचे कधीच पटले नाही. १८४४ साली इलिनॉय राज्यातील एका तुरुंगात जमावाने स्मिथ व त्याचा भाऊ हायरम या दोघांना गोळ्या घालून ठार केले. मग ब्रिगॅम यंग याच्या मागोमाग ही मंडळी गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात जाऊन वसली. या पंथात गावोगाव पगारी पुरोहित ठेवण्याची चाल नाही. शेतकरी, सुतार, छापखान्यातला खिळे जुळवणारा, यांपैकी कोणालाही एक दिवस बोलावणे येई की, अमुक देशी जाऊन धर्म सांग. जाणाऱ्याने स्वतःच्या हिमतीवर जावयाचे. येशूने शिष्यांना सांगितले होते की थैली नको, झोळी नको. ती आज्ञा ही माणसे अक्षरशः पाळीत. आपल्याकडे माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी होते, तसे हे माधुकरी मागून शिकविणारे म्हणावयाचे.

१८५० सालच्या डिसेंबरच्या १२ तारखेस ‘इमाम ऑफ मस्कत’ नावाच्या जहाजातून असे दहा जण हवाई बेटांतील होनोलुलू बंदरात उतरले. त्याआधी ते कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींवर राबत होते. त्यांच्यात जॉर्ज कॅनन नावाचा तेवीस वर्षांचा एक तरुण होता. जन्म लिव्हरपूलचा, धंदा छापखान्याचा. होनोलुलूमागच्या एका टेकडीवर चढून त्यांनी दगडांची एक ओबडधोबड वेदी रचली, प्रार्थना केली, आणि कोणी कोणत्या बेटावर जावयाचे याच्या चिठ्ठ्या टाकल्या. कॅननच्या वाट्यास मावी बेट आले.

हवाईत तेव्हा तिसऱ्या कामेहामेहाचे राज्य होते. मैदान मोकळे मुळीच नव्हते. बॉस्टनच्या ज्या मिशनसंस्थेने १८१३ साली मुंबईस आपले पाद्री पाठवून अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला, त्याच संस्थेचे लोक १८२० साली हवाईत पोहोचले होते. त्यांनी त्या भाषेला पाच स्वर व सात व्यंजने अशी बारा अक्षरांची लिपी दिली होती, १८३१ साली लाहाइनालुना येथे विद्यालय काढले होते, आणि १८३९ पर्यंत सगळे बायबल हवाईयन भाषेत आणले होते. नव्या मंडळींना उपदेश करावयाचा होता तो मुख्यतः बंदरातील गोऱ्या वस्तीला, इंग्रजीतून. पण गोऱ्या वस्तीस त्यांचे ऐकण्याची गरज वाटेना. थोड्याच आठवड्यांत प्रश्न उभा राहिला : आता करावयाचे काय? त्यांच्या म्होरक्यासह पाच जणांनी बेटे सोडण्याचे ठरविले. गोरे ऐकत नाहीत, आणि स्थानिकांची भाषा येत नाही, मग राहून उपयोग काय? हा हिशेब चुकीचा नव्हता. कॅननने मात्र निश्चय केला की, गोरे ऐकत नसतील तर आपण या लोकांची भाषा शिकू आणि त्यांच्यात राहू. दहांपैकी पाच मागे राहिले.

आमच्या मते या सगळ्या हकिकतीचे मर्म येथे आहे. ज्या दिवशी कॅननने भाषा शिकावयाचे ठरविले, त्या दिवशी तो गुरूचा शिष्य झाला.

त्या शिष्याचा दिवस कसा जाई ते पाहा. लाहाइना येथे पैसे संपत आले तेव्हा नालिमानुई नावाच्या एका स्थानिक बाईने आपले घर या तिघा परक्या तरुणांना मोकळे करून दिले आणि ती स्वतः लेकीकडे राहावयास गेली. घर म्हणजे गवताने शाकारलेली झोपडी. सकाळी प्रार्थना, मग भाषेचा अभ्यास. हाती असतील ती पुस्तके वाचावयाची, आणि उरलेला वेळ माणसांत बसून नुसते ऐकावयाचे. पाणी आणणे, लाकूडफाटा गोळा करणे, आपले कपडे आपण धुणे, फाटले तर शिवणे, ही कामे होतीच. गावे डोंगरदऱ्यांत विखुरलेली. चालत जावयाचे, वाटेत ओढे लागत, ज्वालामुखीच्या खडकाने जोडे फाटत. संध्याकाळी जे घर बोलावील तेथे मुक्काम. त्या घरात पिसवा असोत की उपास असो, तक्रार करावयाची नाही.

आणि जेवण? हवाईयन लोकांचे मुख्य अन्न म्हणजे पोई. आपल्या अळूच्या जातीचा कंद उकडून, दगडाने कुटून, पाणी घालून त्याची खळ करतात आणि ती आंबू देतात. बोटांनी खावयाची. कॅननला पहिल्या घासालाच मळमळले. परंतु त्याच्या ध्यानात आले की, आपल्यासाठी वेगळे जेवण करावयाचे म्हणजे यजमानाला भुर्दंड. तेव्हा त्याने देवाजवळ मागणे मागितले ते हे की, मला पोई गोड लागू दे. पुढे त्याला ती इतकी आवडू लागली की भाकरीपेक्षा पोई बरी असे तो म्हणे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण परमुलखात ज्याने अन्न जिंकले त्याने निम्मी लढाई जिंकली, हे मुलुखगिरी केलेल्या कोणालाही पटेल.

१८५१ च्या मार्च महिन्यात कॅनन मावी बेटाच्या प्रदक्षिणेस एकटा पायी निघाला. वायलुकू गावाजवळ दोन बायकांनी त्याला पाहिले आणि ‘गोरा आला, गोरा!’ अशी हाक घातली. घरातून तिघे पुरुष बाहेर आले. त्यांतील एक योनाताना नापेला. नापेला हे लाहाइनालुनाच्या विद्यालयात शिकलेले, मानी घराण्यातले, आणि त्या गावचे न्यायाधीश होते. त्यांनी या चिखलाने माखलेल्या, फकीर पोराला घरात घेतले, जेवू घातले, त्याचे म्हणणे ऐकून घेतले. गावच्या पाद्र्याने देवळातून याविरुद्ध प्रवचन केले. नापेलांचे पद धोक्यात आले. पण एकदा दिलेला आसरा त्यांनी काढून घेतला नाही, आणि काही काळाने स्वतःही तो पंथ स्वीकारला.

कॅननने पुढे आपल्या पंथाच्या मूळ ग्रंथाचे हवाईयन भाषांतर केले, असे इतिहासात लिहिलेले असते. ते खरे आहे. पण ते झाले कसे? कॅनन काही पाने भाषांतरून आणी आणि नापेलांना वाचून दाखवी. त्यांना काय अर्थ लागला ते विचारी. जेथे अर्थ चुकला तेथे वाक्य मोडून पुन्हा बांधी. हे काम १८५३ साली पुरे झाले आणि १८५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पुस्तक छापून निघाले. नापेलांनी आणखीही एक गोष्ट केली. नव्याने येणाऱ्या तरुणांना आपल्या घरी ठेवून पद्धतशीर भाषा शिकविण्याची कल्पना त्यांनी काढली व अमलात आणली. १८५४ पर्यंत बेटांवर या पंथाचे सुमारे चार हजार लोक झाले होते. त्या आकड्यामागे दोन्ही बाजूंची मेहनत आहे, हे विसरता कामा नये.

त्याच १८५४ साली सप्टेंबरात होनोलुलूस एक मुलगा उतरला. वय पंधरा. नाव जोसेफ एफ. स्मिथ. तुरुंगात मारल्या गेलेल्या हायरमचा हा मुलगा. पाचव्या वर्षी बाप गेला, तेराव्या वर्षी आई गेली. कॅलिफोर्नियात छपराच्या लाकडी फळ्या पाडण्याच्या गिरणीत राबून त्याने पुढल्या प्रवासाचे भाडे उभे केले होते. मावीच्या डोंगरउतारावर कुला येथे त्याला ठेवले. तेथे तो तापाने अंथरुणाला खिळला. भाषा येत नाही, आपले माणूस जवळ नाही. एका हवाईयन बाईने त्याला पोटच्या पोरासारखे जपले. तो तिला ‘मा’ म्हणू लागला. दुखणे हटले तेव्हा भाषाही आली होती. पुढे तीन वर्षे तो बेटोबेटी हिंडला. धाकट्या बहिणीला पत्रे लिहीत असे. १८५६ साली लानाई बेटावर आग लागून त्याची पेटी, कपडे आणि रोजनिशी जळाली. १८५७ साली बोलावणे आले आणि तो परतला.

हाच मुलगा १९०१ साली त्या पंथाचा अध्यक्ष झाला. म्हातारपणी तो एकदा होनोलुलूस आला असता धक्क्यावर स्वागताची गर्दी लोटली. तिच्यात एक जख्ख म्हातारी, दृष्टी गेलेली, कोणाच्या तरी हाताला धरून ‘योसेपा, योसेपा’ अशी हाका मारीत आली. हातात केळी होती. अध्यक्षांनी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि सोबतच्यांना सांगितले की, मी पोर होतो, आजारी होतो, तेव्हा हिने मला सांभाळले.

आता थोडे आपल्या दारात पाहू. याच सुमारास हे प्रचारक आपल्याकडेही आले होते. ह्यू फिंडले नावाचा तिशीचा एक स्कॉटिश गृहस्थ १८५२ साली मुंबईस उतरला आणि पुण्यास आला. १८५३ च्या एप्रिलात आणखी तेरा जण कलकत्त्यास पोहोचले. फिंडलेने पुण्यात लहानशी शाखाही काढली; पण त्याचे श्रोते बहुतेक छावणीतले गोरे शिपाई व इंग्रजी जाणणारे लोक. लष्करी अधिकाऱ्यांनी छावणीत प्रवचनास मनाई केली तेव्हा आधारच खचला. मराठ्यांना उद्देशून त्याने एक पुस्तिका लिहिली, पण पुस्तिका म्हणजे घर नव्हे. येथे जातीबाहेर पडणे म्हणजे भाऊबंद, विहीर, रोजगार सर्वच सुटणे. आणि परधर्मी पाहुण्याला आपल्या पंक्तीस कोण घेणार? १८५६ पर्यंत हा सारा खटाटोप आटोपला. हवाईत नालिमानुई भेटली, नापेला भेटले. पुण्यात तसे दार उघडले नाही. यात पुण्याला दोष द्यावा की शाबासकी, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला एवढेच दिसते की, प्रचारकाचे यश त्याच्या वाणीपेक्षा यजमानाच्या उंबऱ्यावर अधिक अवलंबून असते.

आजही ही चाल चालू आहे. जगभर सत्तर हजारांवर असे प्रचारक हिंडत असतात. मुलगे दोन वर्षांसाठी जातात. २०१२ पासून अठराव्या वर्षी जाता येते. खर्च स्वतःचा वा घरच्यांचा. जोडीने राहावयाचे, पहाटे उठून अभ्यास, दिवसभर दारोदार, आठवड्यातून एक दिवस कपडे धुण्याला. घरी दर आठवड्यास बोलण्याची मोकळीक २०१९ साली मिळाली. जाण्यापूर्वी भाषेच्या शाळेत बसावे लागते. नापेलांच्या ओसरीवर जे सुरू झाले त्याचेच हे मोठे रूप.

नापेलांचे पुढे काय झाले, ते सांगून हे व्याख्यान संपवितो. १८७३ साली त्यांच्या पत्नी किटी यांस महारोग झाला. कायद्याप्रमाणे रोग्याला मोलोकाई बेटावरील कालाउपापाच्या वसाहतीत पाठवीत. तेथून परत येणे नसे. नापेला स्वतः निरोगी होते. तरी पत्नीची शुश्रूषा करण्यासाठी ते तिच्याबरोबर गेले. त्याच वर्षी तेथे कॅथलिक पाद्री फादर डेमियन आले. दोघे पंथाने वेगळे, पण रोग्यांच्या सेवेत एकमेकांचे स्नेही झाले. अखेर तो रोग नापेलांनाही जडला आणि १८७९ साली त्यांनी तेथेच देह ठेवला. त्याच वर्षी कॅननने आपल्या तरुणपणच्या त्या पहिल्या प्रवासाची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. शिकविण्यास गेलेल्या मुलाचे पुस्तक झाले. ज्यांनी त्याला शिकविले, त्यांची साधी खूणही आपल्यापैकी अनेकांनी आजवर ऐकली नव्हती. ती ऐकली जावी, एवढ्यासाठीच आम्ही ही कथा आपल्यापुढे ठेवली.