बदलापूरची पूर्व-पश्चिम

बदलापूर स्टेशनातून ‘पूर्वे’ला बाहेर पडा आणि मोबाइलमधलं होकायंत्र उघडा. आपण नैऋत्येकडे निघालो आहोत, असं ते सांगेल. कुळगाव, कात्रप, खरवई, कोंडेश्वराचा रस्ता आणि त्यापलीकडची माथेरान-चंदेरीची डोंगररांग हे सगळं लोकांच्या बोलण्यात पूर्व आहे. उलट उल्हास नदी, वालिवली आणि बारवी धरणाकडे जाणारी वाट नकाशावर ईशान्येला आणि पूर्वेला असूनही ‘पश्चिम’ म्हणवते. यात कुणाची चूक नाही. मुंबईत रेल्वे उत्तरेकडे जाते, तेव्हा उजव्या हाताची बाजू खरोखर पूर्व असते. ठाण्यापुढे रूळ वळतात, कल्याणला त्यांना दोन फाटे फुटतात आणि कर्जतकडचा फाटा आग्नेयेला लागतो. रूळ वळले, पण बाजूंची नावं मुंबईतलीच राहिली. या गावाची कुळकथा इथूनच सुरू करावीशी वाटते, कारण त्याला दिशासुद्धा मुंबईहून मिळाल्या आहेत.

त्याआधीचं गाव नदीचं होतं. राजमाचीच्या खोऱ्यात उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ करत इथे येते आणि पुढे कल्याणपाशी खाडीला भेटते. कल्याण हे सातवाहनकाळापासूनचं बंदर आणि बोरघाट ही देशावर चढायची जुनी वाट. या दोहोंना जोडणारा सपाट पट्टा म्हणजे उल्हासचं खोरं. इथे दमलेले घोडे बदलत म्हणून बदलापूर, अशी कथा गावात सांगतात. कथा सांगोवांगीची असली तरी तिच्यातला भूगोल पटण्यासारखा आहे. भातशेती करणारे आगरी-कुणबी, डोंगराच्या कडेला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, नदीच्या अंगाला बदलापूर आणि रुळांच्या दुसऱ्या अंगाला कुळगाव अशी ही वस्ती होती. नगरपालिकेच्या ‘कुळगाव-बदलापूर’ या जोडनावात ती दोन्ही गावं अजून शाबूत आहेत.

1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1854 मध्ये ती कल्याणला पोचली आणि 1856 च्या मे महिन्यात याच खोऱ्यातून पळसदरी-खोपोलीपर्यंत रूळ गेले. पण ते बदलापूरसाठी नव्हते. रेल्वे कंपनीचं लक्ष बोरघाटावर होतं, कारण देशावरचा कापूस मुंबईच्या बंदरात उतरवायचा होता. 1863 मध्ये घाट रेल्वेने चढला आणि हे खोरं म्हणजे घाटापूर्वीची नुसती सपाटी होऊन बसलं. 1930 च्या सुमारास या मार्गावर विजेच्या तारा आल्या, त्याही पुण्याच्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी. रूळ दारात असूनही गाव पुढची कित्येक दशकं भाताचंच राहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसत्या रेल्वेने गाव वाढत नाही. शहरातल्या घराची किंमत नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेली की रेल्वे त्याला बाहेर आणून सोडते.

ते घडलं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गिरगाव-लालबागच्या खोल्यांत तिसरी पिढी मावेना. गिरण्या बंद पडल्या. आधी ठाणे, मग डोंबिवली, मग कल्याण असं करत मध्यमवर्ग रुळांच्या कडेने पुढे सरकला आणि डोंबिवलीही परवडेनाशी झाली तेव्हा बदलापूरला उतरला. 1991 च्या जनगणनेत इथे सुमारे 52 हजार माणसं होती. 2001 मध्ये ती 98 हजारांच्या घरात गेली आणि 2011 मध्ये 1 लाख 74 हजार 226 झाली. म्हणजे वीस वर्षांत तिपटीहून जास्त. 2021 ची जनगणना झालीच नाही, आणि त्यानंतरचे टॉवर तर या आकड्यात कुठेच नाहीत. कारभाराची घडीही याच काळात बदलली. 1983 साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा हा भाग तिच्यात घातला होता. 1992 मध्ये तो वेगळा झाला आणि स्वतःची नगरपालिका आली.

माणसं तिप्पट झाली, रूळ मात्र दोनच राहिले. कल्याणपर्यंत मुंबईहून जादा मार्गिका आहेत. कर्जतच्या फाट्यावर एक जाणारा आणि एक येणारा, एवढ्यावरच लोकल, पुण्याच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावत आल्या. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘3 ए’ टप्प्यात (‘एमयूटीपी-3 ए’) मंजूर झाली, पण मागणी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. मुंबईच्या टोकापर्यंत 68 किलोमीटर, जलद लोकलनेही जवळपास दीड तास. या दीड तासासाठी लोकांनी आपले उपाय शोधले. ‘रिटर्न’ हा त्यातला एक. अंबरनाथचा माणूस मुंबईला जायचं म्हणून आधी उलटा बदलापूरला येतो, कारण इथे रिकामी होऊन परत फिरणाऱ्या गाडीत बसून राहिलं की जागा मिळते. बदलापूरकर फलाटावर चढतो तेव्हा खिडक्या आधीच भरलेल्या असतात. मग कुरबुर होते, कधी भांडणही. दोघांचं दुखणं एकच आहे आणि भांडून सुटणारं नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं.

याच डब्यांत दसऱ्याच्या सुमाराला झेंडूची तोरणं लागतात. रोजचा ग्रुप वर्गणी काढतो. आदल्या दिवशी कुणीतरी फुलं आणतं, सकाळी डबा पुसून घेतात, पूजा होते, पेढे वाटले जातात, मोटरमनला आवर्जून हार घालतात. शेतकरी औताची पूजा करतो, कारागीर हत्यारांची. ज्याचं पोट लोकलवर चालतं त्याने लोकल पुजली. दीड तास एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्या माणसांचं जे नातं जुळतं, ते त्यांच्या सोसायटीतसुद्धा जुळत नाही. ते याच गाडीने जपलं आहे.

अशा गावाला लोक फार सहज ‘झोपायचं गाव’ म्हणतात. ते मला मान्य नाही. मराठीतली दुर्मीळ पुस्तकं आणि नियतकालिकं जपणारं ‘ग्रंथसखा’ वाचनालय श्याम जोशी यांनी इथेच उभं केलं, आणि अभ्यासक त्यासाठी मुंबईहून उलटा प्रवास करून येत आले. जूनच्या तोंडावर वाड्यांवरच्या आदिवासी बाया टोपल्यांत पानं घालून जांभळं विकायला बसतात. त्या बदलापुरी जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे. मानांकन मिळालं, पण जिथे ही झाडं होती त्या जागांवर इमारती उठत आहेत. झाडं राखली नाहीत तर मानांकन कागदावरच राहील.

नदीचंही तेच झालं आहे. 26 जुलै 2005 ला उल्हासने आपलं पात्र किती रुंद आहे ते दाखवलं. 27 जुलै 2019 ला मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ, पाण्यात अडकली. चारी बाजूंनी पाणी आणि गाडीत हजाराहून अधिक माणसं, त्यांत गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदल आलं, आसपासचे गावकरी धावले. सगळे सुखरूप बाहेर पडले. भाताच्या खाचरांत पाणी भरतं तेव्हा ते मुरतं, थांबतं, हळूहळू उतरतं. खाचरांत भराव पडला की तेच पाणी दुसऱ्याच्या तळमजल्यात शिरतं. नदीकाठच्या जुन्या गावाला हे उपजतच माहीत होतं. घर घ्यायला आलेल्या माणसाला ते कुणी सांगत नाही.

म्हणून बदलापुरात घर बघायला जाल तेव्हा स्टेशन किती मिनिटांवर आहे ते जरूर विचारा, पण त्याआधी पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत या दोन रेषांच्या कोणत्या बाजूला आहे ते डोळ्यांनी पाहा, आणि मगच बुकिंगचा चेक फाडा.