संविधानक
कथा, कादंबरी, नाटक इत्यादींतील घटनांची कार्यकारणभावाने केलेली हेतुपूर्ण रचना. इंग्रजीतील ‘प्लॉट’ ह्या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत ‘संविधानक’ व ‘कथानक’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. संस्कृतात ‘कथानक’ म्हणजे लहान कथा. ‘संविधान’ म्हणजे जुळणी वा मांडणी. त्यामुळे रचनेचा अर्थ ‘संविधानक’ ह्या शब्दात अधिक स्पष्टपणे येतो. नुसत्या गोष्टीत घटना कालक्रमाने येतात. धान बुडाले आणि पुढे मुलगी माहेरी परतली, ही गोष्ट झाली. धान बुडाल्याने ठरलेला हुंडा देता आला नाही आणि म्हणून मुलीला माहेरी परतावे लागले, येथे संविधानक सुरू होते. ई. एम्. फॉर्स्टर ह्या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ मध्ये हाच भेद विशद केला.

‘प्लॉट’चा मूळ अर्थ जमिनीचा तुकडा. त्यावरून जमिनीचा आराखडा, मग बेत व कट आणि पुढे साहित्यकृतीतील घटनांची योजना, असे अर्थ त्यास प्राप्त झाले. मराठीत हे अर्थ भूखंड, कट व संविधानक अशा वेगवेगळ्या शब्दांत विभागले गेले. बोलण्यात मात्र ‘प्लॉट’ हा शब्द घराच्या जागेसाठी आणि चित्रपटाच्या कथेसाठीही सर्रास वापरला जातो.

ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) शोकात्मिकेच्या घटकांत संविधानकास प्रथम स्थान देऊन त्यास आदी, मध्य व अंत असावा, असे प्रतिपादिले. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘इतिवृत्त’ हे नाट्याचे शरीर मानले आहे. त्याचे आधिकारिक (मुख्य) व प्रासंगिक (गौण) असे दोन प्रकार असून बीज, बिंदू, पताका, प्रकरी व कार्य ह्या पाच अर्थप्रकृती, तसेच मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण हे पाच संधी सांगितले आहेत. ॲरिस्टॉटलचा भर घटनांच्या अपरिहार्यतेवर, तर भरताचा फलप्राप्तीकडे होणाऱ्या वाटचालीवर आहे.

मराठीत ह्या संकल्पनेची आधुनिक चर्चा कादंबरीबरोबर सुरू झाली. मुक्तामाला (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत योगायोगांची रेलचेल होती. का. बा. मराठे ह्यांच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) ह्यात अशा रचनेतील असंभाव्यतेचा परामर्श घेतलेला आढळतो. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांनी सामाजिक वास्तवातून घटना उभ्या केल्या. तथापि क्रमशः प्रकाशनामुळे त्यांच्या संविधानकांत पाल्हाळ आला. ना. सी. फडके (१८९४–१९७८) ह्यांनी प्रतिभासाधन (१९३१) ह्या ग्रंथात गुंतागुंत, उत्कंठा व उकल ह्यांचे तंत्र मांडले. १९४५ नंतरच्या नवकथेने, विशेषतः गंगाधर गाडगीळ (१९२३–२००८) ह्यांच्या कथेने, ह्या तंत्रनिष्ठेस छेद देऊन संज्ञाप्रवाह व मनोव्यापार ह्यांस प्राधान्य दिले. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या कोसला (१९६३) ह्या कादंबरीतही बांधीव संविधानक नाही. ह्यावरून संविधानकाचा लोप झाला असे म्हणता येत नाही. घटनांना जोडणारा धागा बाह्य प्रसंगांऐवजी अनुभवाच्या अंतर्गत संगतीत शोधला जाऊ लागला, इतकेच.

लोकरंगभूमीवर संविधानकाचे निकष निराळे असतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत, म्हणजे गोंदिया तालुक्यातील बिरसीसारख्या धानपट्ट्यातील गावांच्या मुलखात, दिवाळीनंतर मंडई व शंकरपटाच्या निमित्ताने दंडार आणि नाटके होतात. नाटक रात्रभर चालत असल्याने मुख्य कथेस गाणी, नृत्ये व विनोदी प्रवेश जोडावे लागतात. पुस्तकी कसोटीने असे संविधानक सैल ठरते. परंतु पहाटेपर्यंत प्रेक्षक बसवून ठेवणे हेच येथील रचनेचे प्रयोजन असून, भरताने सांगितलेल्या प्रासंगिक इतिवृत्ताशी तिचे साम्य दिसते. संविधानकाची बांधणी किती घट्ट असावी, हे साहित्यप्रकार, प्रयोगाची परिस्थिती आणि प्रेक्षक ह्यांवर अवलंबून असते. म्हणून कोणत्याही एका काळातील नियम सर्व कृतींना लावणे युक्त ठरत नाही.