रेवंदचिनी आणि चिनी सुया

दिवाळीचा तिसरा दिवस उजाडला की आमच्या घरात एक प्रश्न मोठ्याने कोणी विचारीत नसे, पण तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसे. चकल्या, शेव, अनारसे यांचा तीन दिवस मारा; मग पोट रुसून बसणार नाही तर काय! आजी काही न बोलता फडताळातून एक कळकट पुरचुंडी काढी. तीत पिवळसर, कडवट मुळाचा तुकडा असे. सहाणेवर त्याचे दोन-चार वळसे उगाळून ती आम्हां मुलांना चाटवी. नाव रेवंदचिनी. यातले ‘चिनी’ म्हणजे काय, हे मास्तर होऊन कित्येक वर्षे लोटली तरी माझ्या ध्यानात आले नव्हते.

आले तेही दुसऱ्याच्या दुखण्यामुळे. आमच्या शाळेत एक वडीलधारे गुरुजी आहेत, मूळचे सोलापूरकडचे. वर्षभर बद्धकोष्ठाने हैराण. एरंडेल झाले, सोनामुखी झाली, त्रिफळा झाला. मग कोणीतरी त्यांना सांगितले, चीनच्या सुया टोचून घ्या. मधल्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, “तुम्ही पुस्तके चाळता. यात काही तथ्य आहे का हो?” विद्यार्थ्याला ‘उद्या सांगतो’ म्हणणे सोपे, गुरुजींना तसे म्हटल्यावर वाचावेच लागले.

वाचता वाचता आजीची पुरचुंडी सापडली. ‘रेवंद’ हा शब्द फारसी. रेवंदचिनी म्हणजे चीन देशाचे रेवंद. चिनी वैद्य या मुळाला ‘दा हुआंग’, म्हणजे मोठे पिवळे, म्हणतात. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याने तुंबलेल्या कोठ्यासाठी जो काढा सांगितला, त्यात हे मूळ मुख्य. जोडीला एका झाडाची साल, एक खनिज क्षार आणि कोवळेपणीच तोडून वाळवलेली कडू नारिंगे. मोसंबीच्या बागा पाहणाऱ्या आम्हां जालनेकरांना नारिंगाचा हा उपयोग नवलाचा वाटेल. त्या काढ्याची एक खुबी अशी की साल आणि नारिंगे आधी उकळायची आणि रेवंद मागाहून टाकायचे. फार उकळले तर त्याचा रेचक गुण मंदावतो. त्याच मुळात तुरट द्रव्येही असतात. म्हणून एकदा पोट मोकळे झाल्यावर उलट पुन्हा आवळते. आजीला हे ठाऊक असावे, कारण दुसऱ्या दिवशी कितीही मागितले तरी ती देत नसे.

हे मूळ आपल्याकडे फार पूर्वीपासून येत आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राही, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे वैद्य म्हणून जाणेयेणे होते. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने रेवंद चीनमधून येते असे नोंदवले आहे.

पण खरी गोष्ट पुढची. १८३९ साली लिन झेशू नावाच्या चिनी अधिकाऱ्याने कँटनजवळ वीस हजारांवर अफूच्या पेट्या जप्त करून नष्ट केल्या, आणि इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिले. त्यात मुद्दा असा होता, की आमचा चहा आणि रेवंद यांवाचून तुमच्या लोकांचे एक दिवस चालत नाही, तरी आम्ही ते बंद केलेले नाही. मग तुम्ही आम्हांला विष का पाठवता? परदेशी लोकांची पोटे आपल्या मुळावाचून तुंबून राहतील अशी तिकडे खरोखरच समजूत होती. आपण हसतो. पण ती अफू कोठून जाई? माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून जहाजांत चढे. तिच्यावर मुंबईत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीतही चीनच्या या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या देणगीतून १८४५ साली रुग्णालय उभे राहिले. आता अफूचा एक गुण कोणताही वैद्य सांगेल: ती आतड्याची हालचाल मंद करते, पोट घट्ट बांधते. आपण चीनला बद्धकोष्ठ पाठवीत होतो आणि तिकडून रेवंद मागवीत होतो! या व्यवहारात आपण इंग्रजांच्याच बाजूला होतो, हे वाचून मला पुस्तक मिटून थोडा वेळ बसावे लागले.

शंभर वर्षांनी मात्र आपण तिकडे निराळी माणसे पाठवली. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून चीनला निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, कलकत्त्याचे विजयकुमार बसू होते. कोटणीसांची कथा शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे घरोघरी पोहोचली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिकडेच वारले. ते शस्त्रवैद्य, सुयांशी त्यांचा संबंध जोडू नये. त्या काळी चीनमध्येही सुयांचे दिवस बरे नव्हते. १८२२ सालीच बादशहाने राजवैद्यांच्या शाळेतून ही विद्या काढून टाकली होती. तिला पुन्हा मान मिळाला तो १९४९ नंतर. कोटणीसांचे सोबती डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि कलकत्त्यात तिने उपचार करू लागले. भारतात ॲक्युपंक्चरचा पाय रोवला गेला तो असा. पुढे २००३ साली केंद्र सरकारने तिला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, आणि महाराष्ट्राने तर तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

गुण येतो का? २०१६ साली चीनमधल्या १५ रुग्णालयांतल्या १,०७५ रोग्यांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना पोटावर आणि पायावर ठरलेल्या बिंदूंवर खोल सुया टोचून त्यांतून सौम्य वीज सोडली. निम्म्यांना बिंदू सोडून नुसत्या वरवर. आठ आठवड्यांत २८ बैठका. आठवड्याला सरासरी तीनदा पोट पूर्ण साफ होणारे पहिल्या गटात शेकडा ३१ निघाले, दुसऱ्यात १२. म्हणजे थोतांड नाही. पण शंभरांतले एकोणसत्तर त्या मापापर्यंत पोहोचले नाहीत, हेही त्याच कागदावर आहे.

हे सगळे मी गुरुजींना सांगितले. कोटणीसांचे नाव निघताच त्यांची छाती फुगली. “आमच्या गावचा माणूस! मग टोचूनच घेतो.” मी म्हटले, घ्या, पण आधी रक्त तपासू. थंडी फार वाजते, वजन वाढले, फळ्यावर लिहिताना थकवा येतो, असे ते अधूनमधून म्हणत, ते माझ्या कानात होते. तपासणीचा कागद आला: गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आळसावली होती. ती आळसावली की आतडेही आळसावते. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीक गोळी, एवढेच औषध निघाले.

परवा गुरुजी घरी आले होते. सुयांचे राहूनच गेले याची थोडी रुखरुख त्यांना आहे. फराळाचे ताट पुढे ठेवले तर त्यांनी चकल्या मागून घेतल्या.