वाटणीपत्रातील माणसे

वडिलांच्या मागे मुलांनी वेगळे निघणे हा सर्व देशांतील कुटुंबांच्या इतिहासातला अटळ प्रसंग आहे. जमिनीची मोजणी व्हावी, गुरांची मोजदाद व्हावी, भांड्याकुंड्यांच्या याद्या व्हाव्यात, पंचांनी सरस-निरस पाहून हिस्से पाडावेत आणि अखेरीस सर्वांनी कागदावर सह्या कराव्यात, हा क्रम महसुली दप्तरांशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्या आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु या याद्यांत घोड्यांच्या आणि डुकरांच्या शेजारी माणसांची नावे लिहिली जाऊ लागली, म्हणजे त्याच निरुपद्रवी क्रमाचे स्वरूप किती पालटते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा यादवी युद्धापूर्वीचा इतिहास चाळला पाहिजे.

गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक आणि लिलावाचा चौथरा ही दोन चित्रे उभी राहतात. ती खोटी नाहीत. पण गुलामांच्या कुटुंबांची जी वाताहत झाली तिचा मोठा भाग चाबकाने किंवा व्यापाऱ्याच्या लोभाने घडलेला नसून, मालकाच्या मृत्यूनंतर शांतपणे, कायद्याला धरून आणि वारसांना पूर्ण न्याय मिळावा याच हेतूने घडलेला आहे. मालक जिवंत असेपर्यंत एखाद्या गुलाम कुटुंबाला थोडीफार स्थिरता लाभे. मालकाने डोळे मिटले की ती स्थिरता त्याच दिवशी संपे. वाड्यात जो शोक होई तो मृतासाठी. झोपड्यांत जो होई तो पुढे येणाऱ्या वाटणीसाठी.

या प्रकाराचे एक उदाहरण तपशीलवार पाहू. मेरीलँड राज्यातील टॅल्बट परगण्यात आरन अँथनी नावाचा एक शेतकरी राहत असे. हा जन्माने श्रीमंत नव्हता. कर्नल एडवर्ड लॉइड या बड्या जमीनदाराच्या गलबतावर कप्तान म्हणून आणि पुढे त्याच्या विस्तीर्ण मळ्यांचा मुख्य कारभारी म्हणून चाकरी करता करता त्याने स्वतःची शेते जोडली. गुलामांची पहिली पुंजी मात्र त्याला लग्नातून मिळाली. त्याची पत्नी अॅन स्किनर हिच्या माहेरच्या मालमत्तेबरोबर बेट्सी नावाची एक गुलाम स्त्री आणि तिचा परिवार त्याच्याकडे आला. बेट्सीचा नवरा आयझॅक बेली हा लाकूड कापणारा स्वतंत्र काळा माणूस होता. तथापि बाप स्वतंत्र असल्याचा मुलांना काडीचाही उपयोग नव्हता. मुलाची अवस्था आईच्या अवस्थेवरून ठरावी असा कायदा शेजारच्या व्हर्जिनियाने १६६२ साली केला होता, आणि गुलामी चालू असलेल्या प्रांतांत तेच तत्त्व रूढ झाले होते. त्यामुळे बेट्सीला होणारे प्रत्येक मूल, आणि तिच्या मुलींना होणारे प्रत्येक मूल, कॅप्टन अँथनीच्या मिळकतीत भर घालीत असे. गाईच्या वासरावर ज्याची मालकी त्याच न्यायाने ही मालकी चाले.

नोव्हेंबर १८२६ मध्ये अँथनी मृत्युपत्र न करता वारला. त्याच्यामागे अँड्र्यू आणि रिचर्ड हे दोन मुलगे आणि लुक्रीशिया ही मुलगी असे तीन वारस होते. वाटणी होण्यापूर्वीच लुक्रीशियाही निवर्तली, तेव्हा तिचा हिस्सा तिचा नवरा टॉमस ऑल्ड याच्याकडे गेला. मृतांच्या मिळकतीची व्यवस्था पाहणाऱ्या न्यायालयाचे मेरीलँडमधील नाव ‘ऑर्फन्स कोर्ट’, म्हणजे अनाथांचे न्यायालय असे आहे. पोरक्या झालेल्या वारसांचे हित जपावे म्हणून ते स्थापन झालेले. त्याच्या हुकुमाने किती मुले नव्याने पोरकी झाली, याची नोंद ठेवण्याचे काम मात्र त्याच्याकडे नव्हते.

बेट्सीचा एक नातू त्या वेळी बाल्टिमोर शहरात टॉमस ऑल्डच्या भावाच्या घरी मुलाला सांभाळण्याच्या कामावर होता. त्याचे नाव फ्रेडरिक. वय सुमारे नऊ वर्षे. आई हॅरिएट आधीच वारली होती. मालमत्तेची किंमत ठरवावयाची तर सगळी मालमत्ता जागेवर हवी, म्हणून ऑक्टोबर १८२७ मध्ये या मुलालाही गलबतात बसवून परत आणण्यात आले. हाच मुलगा पुढे फ्रेडरिक डग्लस या नावाने गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा थोर वक्ता झाला, आणि १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने त्या दिवसांचे वर्णन लिहून ठेवले, म्हणून वाटणीची ही बाजू आपल्याला कळते.

म्हातारे आणि तान्ही मुले, बायका आणि पुरुष, घोडे, मेंढ्या आणि डुकरे यांना एकाच रांगेत आणून एकाच बारकाईने तपासण्यात आले, असे तो सांगतो. किमतीचा आकडा ठरला, मग हिस्से पडावयाचे. त्या मधल्या काळातील धास्ती त्याच्या मनातून कधीच गेली नाही. कोण कोणाच्या वाट्याला जाणार याविषयी त्या माणसांना एक शब्द बोलण्याचा अधिकार नव्हता. सर्वांना भय होते ते अँड्र्यूचे. तो व्यसनी आणि उधळ्या होता. त्याच्या वाट्याला जाणे म्हणजे आज ना उद्या कर्जापायी दूर दक्षिणेत विकले जाणे, हे सर्व जाणून होते. शिवाय त्याच सुमारास फ्रेडरिकचा भाऊ पेरी याला त्याने जमिनीवर आपटून, डोक्यावर बुटाची टाच देऊन रक्तबंबाळ केले होते, आणि तुझीही हीच गत करीन असे फ्रेडरिकला बजावले होते.

फ्रेडरिक ऑल्डच्या हिश्शात पडला आणि बाल्टिमोरला परतला. तेथे त्याने अक्षरओळख वाढविली, तेथूनच १८३८ मध्ये तो निसटला. भाऊ पेरी आणि बहीण सेरा मात्र अँड्र्यूच्या हिश्शात गेली. सेराची रवानगी पुढे मिसिसिपीत झाली. पेरी टेक्सासपर्यंत पोहोचला, आणि भावांची गाठ पडली ती १८६७ साली, चाळीस वर्षांनी. हिस्से बरोबर पडले होते. कोणाही वारसाची तक्रार राहिली नव्हती.

या व्यवस्थेची अंतर्गत रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीचा एक तृतीयांश भाग हयातीपुरता मिळे. तिच्यामागे तो मूळ वारसांकडे परत जाई. त्या मुदतीत जन्मलेली मुलेही हिशेबात धरली जात. जॉर्ज वॉशिंग्टनसारख्या पुरुषालाही या नियमाने बांधून ठेवले होते. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्राशिवाय वारला, आणि त्याच्या मिळकतीतील हयाती हिश्शाचे गुलाम मार्थाबरोबर माउंट व्हर्ननला आले. १७९९ मध्ये वॉशिंग्टन वारला तेव्हा तेथील ३१७ गुलामांपैकी १२३ त्याचे स्वतःचे होते. त्यांच्या मुक्ततेची तरतूद त्याने मृत्युपत्रात केली. कस्टिसच्या मिळकतीकडील १५३ जणांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला नव्हता. दोन्हींकडील माणसांत चाळीस वर्षांत लग्ने झालेली होती. एकाच घरात नवरा मुक्त आणि बायको-मुले मिळकतीतली, अशी स्थिती झाली. आणि १८०२ साली मार्था वारल्यावर ती मिळकत तिच्या चार नातवंडांत वाटली गेली.

मोठ्या जमीनदाराकडे गुलामांची संख्या मोठी असल्याने निदान काही कुटुंबे एकाच हिश्शात बसविता येत. लहान शेतकऱ्याकडे तेही शक्य नव्हते. १८६० च्या सुमारास गुलामांच्या मालकांपैकी निम्म्याजवळ पाचांहूनही कमी गुलाम होते. चार गुलाम आणि चार वारस असल्यावर हिशेब कसा करावयाचा? कधी टोपीत चिठ्ठ्या टाकून निकाल लावीत. कोणाचा हिस्सा जड झाला तर त्याने दुसऱ्याला रोख रक्कम देऊन तोल सांभाळावा असे ठरवीत. तोल साधेना किंवा कर्ज असेल तर न्यायालयाच्या हुकुमाने लिलाव होई. वृद्ध माणसांच्या नावापुढे पुष्कळदा शून्य किंमत लिहिलेली आढळते. लुइझियानासारख्या राज्याने दहा वर्षांखालील मुलाला आईपासून तोडून विकण्यास मनाई केली होती. पण अकराव्या वर्षी ते मूल काय करणार, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही.

डग्लसने बेट्सी आजीविषयी पहिल्या पुस्तकात कडवटपणे लिहिले होते, की म्हातारपणी तिला रानातल्या झोपडीत एकटी टाकून देण्यात आले, आणि १८४८ मध्ये ऑल्डला उघड पत्र लिहून त्याने जाब विचारला. वस्तुतः आजी अँड्र्यूच्या हिश्शातली होती. ऑल्डने तिला पुढे आपल्याकडे आणून सांभाळले होते. हे कळताच १८४९ मध्ये डग्लसने तसे जाहीरपणे कबूल केले. १८७७ साली तो मरणासन्न ऑल्डला भेटला, तेव्हाही हा विषय निघाला. माणूस माणसाशी निष्ठुर नव्हता एवढे त्यातून सिद्ध झाले. परंतु ज्या स्त्रीने या घराण्याला तीन पिढ्या माणसे पुरविली, तिचे म्हातारपण कोणाच्या तरी दयेवर अवलंबून राहावे, हा दोष एकट्या ऑल्डचा किंवा अँड्र्यूचाही नव्हता. तो वाटणीपत्राचा होता.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण सर्व जाणतो. त्या मुक्तीने नेमके काय थांबविले, हे अशा कागदांवरून उमगते.

आणि या कागदांचे एक विचित्र ऋणही मान्य करावे लागते. १८५० आणि १८६० च्या अमेरिकन शिरगणतीत गुलामांची संख्या, वय आणि वर्ण लिहिले. नावे मात्र सामान्यतः वगळली. त्यामुळे आपले पूर्वज शोधू पाहणाऱ्या त्यांच्या वंशजांना आज मृत मालकांच्या मिळकतीच्या याद्यांकडेच वळावे लागते. आपला जन्म कधी झाला हे डग्लसला जन्मभर निश्चितपणे कळले नाही. तो १८१७ हे वर्ष अंदाजाने सांगत असे. १८९५ साली तो वारला. अँथनीच्या हिशेबाच्या वहीत मात्र हॅरिएटचा मुलगा फ्रेडरिक ऑगस्टस याच्या जन्माची नोंद होती: फेब्रुवारी १८१८. ती मालमत्तेत पडलेली भर म्हणून लिहिलेली होती.