आज रात्री ३१

दुपारी ३:१०
फोन थरथरला. चॅनहॅसनच्या हवामान कार्यालयाचा इशारा: 'फ्रीझ वॉर्निंग', रात्री २ ते सकाळी ९, किमान ३१ अंश फॅरनहाइट. म्हणजे शून्य सेल्सिअसच्या जेमतेम अर्धा अंश खाली. मिनिआपोलिसच्या आमच्या उपनगरात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हे व्हायचंच. मेच्या मध्यावर रोपं लावतानाच हिशेब ठरलेला असतो, तरी दर वर्षी नेमक्या याच दिवशी बाग भरात असते. काल नुसती 'फ्रॉस्ट ॲडव्हायझरी' होती आणि ढगांनी लाज राखली. ढग म्हणजे रात्रीचं पांघरूण, जमिनीची ऊब ते सहजी निसटू देत नाहीत. आज आभाळ लख्ख निळं आहे. ऑफिसात सगळे म्हणताहेत, काय सुंदर दिवस! माझ्या पोटात गोळा.

दुपारी ४:३०
घरी आल्या आल्या आधी पाणी, तेही मुळाशी. ओली माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते आणि रात्रभर थोडी थोडी सोडते. हे शिकायला मिनेसोटा लागलं नाही. निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत जानेवारीच्या गारठ्यात अप्पा पहाटे बागेला पाणी सोडायचे, कडेने शेकोट्या पेटवायचे. तिथे धास्ती मणी तडकण्याची. इथे झाडंच जायची आहेत.

संध्याकाळी ५:१५
दुधी चार, दोडके नऊ, कारली घमेलंभर. वेलांशी वाद घालायला वेळ नाही, कात्री चालवली.

आता टोमॅटो, आणि वेळ इथेच जातो. लाल झालेले सोपे. प्रश्न हिरव्यांचा. गडद हिरवा, दगडासारखा टोमॅटो काही केल्या पिकत नाही. त्याची रवानगी तीळ-शेंगदाणे घालून चटणीत. ज्याच्या हिरव्यावर पांढुरकी झाक आली आहे, तो पिकतो. म्हणून एकेक हातात घेऊन, उजेडाकडे धरून पाहायचा. पाहता पाहता दोन बादल्या भरल्या. लहानपणी माळ्यावर गवतात आंब्यांची आढी लागायची, इथे तळघरात वर्तमानपत्रात टोमॅटोची लागते. मध्ये एक पिकलेलं केळं ठेवायचं, त्यातून निघणारा इथिलीन वायू बाकीच्यांना वळणावर आणतो. फ्रिजमध्ये मात्र नाही. तिथे ते पिकणंही विसरतात आणि चवही.

पलीकडचा शेजारी ओसरीवर बसून माझी धावपळ बघतोय. त्याच्याकडे केल आणि गाजरं. थोडी थंडी खाल्ली की ती गोड होतात, त्याला घाई कसली!

संध्याकाळी ६:४३
सूर्यास्त. आणि तेव्हा आठवली तुळस.

कढीपत्ता सप्टेंबरातच कुंडीसकट स्वयंपाकघरात आला होता. तुळस कुंडीत खुरटते म्हणून यंदा मातीत लावली, ती कमरेएवढी झाली. खरं तर रात्री पन्नासच्या खाली जायला लागल्या तेव्हाच तिला आत घ्यायला हवं होतं. तिचं लग्न महिन्यावर आलंय आणि आज रात्री ती एकटी बाहेर. पण दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावायचा नाही, हे अंगात इतकं भिनलेलं की खुरपं हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. टोमॅटो जरा कमी चाचपले असते तर!

रात्री ८:१०
कपाळाला दिवा बांधून मिरच्या, वांगी. मग अळू. त्याची पानं आज कापली तर वड्या, नाहीतर उद्या लगदा. कंद मातीत राहिले तरी चार दिवस चालतील.

रात्री ९:०५
आईचा फोन. तिकडे सकाळचे साडेसात वाजून गेलेले, बागेत फळछाटणी, वर ऑक्टोबरचा उकाडा. मी तुळशीचं सांगितलं.

"अगं, रात्री पानं खुडू नयेत म्हणतात. जीव वाचवायला मुळासकट उचलू नये असं कोण म्हणालंय? नमस्कार कर आणि उचल. आणि मातीचा गोळा फोडू नकोस."

उचलली. लेकीने बादली धरली.

रात्री १०:३०
तापमान ४१. उरलेल्या मिरच्यांच्या झाडांवर पांघरुणं. प्लॅस्टिक पानाला टेकलं की तिथलं पान जातंच, म्हणून कापड: तीन चादरी, दोन सुती साड्या, एक जुनी गोधडी. कडा जमिनीला टेकायला हव्यात, कारण ऊब यायची ती मातीतून. छत्री धरून भागत नाही. गोधडी एका बाजूने वीतभर अपुरी पडली. दुसरं काही उरलं नव्हतं.

रात्री २:५०
वारा पडला. रात्री पानं हलत होती तोवर वरची उबदार हवा खाली मिसळत होती. आता जड, गार हवा उताराने खाली येऊन कुंपणाच्या खोलगट कोपऱ्यात साचते आहे. अंदाजातला आकडा जमिनीपासून पाचेक फुटांवरचा असतो. माझी बाग त्याखाली राहते. तापमापक ३३ दाखवतोय आणि कोपऱ्यातलं गवत आत्ताच पांढरं झालंय.

पहाटे ५:४०
३०. चहा ठेवला.

सकाळी ७:२०
सूर्य उगवला. टोमॅटोची पानं काचेसारखी चमकताहेत, ताठ, हिरवीगार. लेक बसला उशीर होत असतानाही खिडकीशी थांबली. "आई, काहीच झालं नाही!" मी तिला डबा दिला.

सकाळी ९:१५
ऊन बागेत उतरलं. रात्री बर्फ पेशींच्या बाहेर धरतो, आतलं पाणी ओढून घेतो आणि पेशींची आवरणं फाटतात. पण ते कळतं बर्फ वितळल्यावर. पाहता पाहता टोमॅटोची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबली, मग काळी पडली. दुधीचा मांडव आधीच खाली बसला होता. मेथीवर मी काहीच घातलं नव्हतं. तिने पाणी झटकलं आणि उभी राहिली.

शेवटी गोधडी उचलली. खालच्या मिरचीचं अर्धं झाड हिरवं होतं, फुलासकट. वीतभर बाहेर राहिलेली बाजू काळी.